सिडनीचा दंगा, १८७९: लॉर्ड हॅरिस आणि गर्दी

हॅरिस शील्ड हे नाव मुंबईच्या शाळकरी क्रिकेटपटूला समजावून सांगावे लागत नाही. १९८८ मध्ये याच स्पर्धेत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, आणि त्यानंतर तर ते नाव क्रिकेट न खेळणाऱ्यांच्याही तोंडी आले. ज्याच्या नावाची ही ढाल आहे तो जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, चौथा बॅरन हॅरिस, १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे हिंदुस्थानी क्रिकेटचे रोप त्याने लावले. दुसरे म्हणजे राज्य वाऱ्यावर सोडून तो क्रिकेट पाहत बसला. दोन्हींत थोडे थोडे खरे आहे, पण दोन्हींत तो माणूस काही सापडत नाही. तो सापडतो मुंबईला येण्याच्या अकरा वर्षे आधी, सिडनीच्या मैदानावर, एका धावचीतच्या निर्णयानंतर. म्हणून हे प्रकरण तिथूनच पाहू.

घराणे, खेळ आणि घोडदळ

हॅरिसचा जन्म ३ फेब्रुवारी १८५१ चा, त्रिनिदादमधला. वडील तिथे गव्हर्नर होते. पुढे १८५४ ते १८५९ ते मद्रासचे गव्हर्नर झाले. घराण्याची बॅरनकी आली होती ती पणजोबांकडून. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण घेऊन टिपूचा शेवट करणाऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती जनरल जॉर्ज हॅरिस तो हाच. किताबातच 'सरिंगपट्टम आणि म्हैसूर' ही नावे गोवलेली होती. म्हणजे हिंदुस्थानशी या घराचे नाते तलवारीने जुळलेले, आणि हुकूम करणे ही तीन पिढ्यांची सवय.

मुलगा ईटनला शिकला, तिथून ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात गेला. १८७० मध्ये केंट परगण्याकडून पहिल्यांदा खेळला, १८७२ मध्ये वडील वारल्यावर लॉर्ड झाला आणि १८७५ पासून १८८९ पर्यंत केंटचा कर्णधार राहिला. फॅव्हरशॅमजवळची बेलमाँट ही त्याची जहागीर. शिवाय तो योमनरीत, म्हणजे पूर्व केंटच्या घोडेस्वार स्वयंसेवक पलटणीत अधिकारी होता. पुढे तिचे नेतृत्वही त्याच्याकडे आले.

आजच्या वाचकाला हौशी खेळाडू म्हणजे हाताशी वेळ असला तर खेळणारा असे वाटते. व्हिक्टोरियन इंग्लंडात तो एक सामाजिक दर्जा होता. हौशी आणि पगारी खेळाडू एकाच संघात खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी. कर्णधार हौशीच असायचा, मग संघात त्याच्याहून जाणते पगारी गोलंदाज असोत वा नसोत. पैसे घेत नाही म्हणून निःपक्षपाती, आणि निःपक्षपाती म्हणून हुकूम करायला लायक, असा तो हिशेब. (डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस याला १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी १५०० पौंड मिळाले होते आणि तरी तो हौशीच राहिला, हे इथे नोंदवून पुढे जाऊ. हॅरिसला असल्या पैशांची गरज नव्हती, त्यामुळे त्याच्या बाबतीत निदान ढोंग नव्हते.)

योमनरीचा हिशेबही हाच. १७९४ मध्ये फ्रान्सच्या भीतीने उभी राहिलेली ही दले म्हणजे जमीनदार अधिकारी आणि त्यांचेच कूळ-शेतकरी शिपाई. वर्षातून थोड्या दिवसांचे शिबिर, एरवी ज्याचे त्याचे शेत. जहागीरदार घोड्यावर पुढे असला की मागचे येतातच, कारण ते एरवीही त्याच्या शब्दात असतात. परकीय शत्रूशी गाठ पडण्याचे प्रसंग योमनरीला फारसे आले नाहीत. एकोणिसाव्या शतकात तिचा बराचसा उपयोग झाला तो घरच्याच गर्दीवर. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागायला जमलेल्या हजारो लोकांत योमनरीचे स्वार तलवारी उपसून घुसले, पंधराच्या वर माणसे मेली. पीटरलू म्हणून ते प्रकरण इंग्लंड विसरले नाही. हॅरिसच्या काळापर्यंत योमनरी बरीच माणसाळली होती, पण गर्दीकडे पाहण्याची नजर एवढ्यात बदलत नसते.

दौऱ्याची जुळणी

१८७८-७९ च्या हंगामासाठी मेलबर्न क्रिकेट क्लबने इंग्लंडच्या हौशी खेळाडूंचा संघ बोलावला. आय. डी. वॉकर तो नेणार होता. घरातल्या मृत्यूमुळे त्याला थांबावे लागले आणि कर्णधारपद हॅरिसकडे आले. सगळ्या साहेबलोकांत गोलंदाजी कुठून आणायची, म्हणून यॉर्कशायरचे जॉर्ज युलिएट आणि टॉम एमेट हे दोन पगारी खेळाडू सोबत घेतले. जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. पुढे त्याला कसोटीचा दर्जा मिळाला. फ्रेड स्पॉफर्थने त्यात कसोटीतली पहिली हॅटट्रिक घेतली, सामन्यात १३ बळी टिपले आणि इंग्लंड दहा गड्यांनी हरले. हॅरिसने दोन्ही डावांत तिशी गाठली. कर्णधार म्हणून ही त्याची पहिली कसोटी.

संघासोबत मेलबर्न क्लबच्या सल्ल्याने घेतलेला एक पंच फिरत होता. जॉर्ज कूल्थार्ड, वय २२, क्लबच्या नोकरीत, व्हिक्टोरियातल्या फुटबॉलमधला नावाजलेला गडी. पाहुण्या संघाने आपला पंच आपल्यासोबत आणायचा ही तेव्हाची रीतच होती, दोन्ही बाजूंचा एकेक पंच असे. पण सिडनी आणि मेलबर्न यांच्यात त्या काळी विस्तव जात नव्हता. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन स्वतंत्र वसाहती होत्या. एक खुल्या व्यापाराची, दुसरी जकातीच्या भिंती उभारणारी, आणि दोघींना आपणच थोरल्या असल्याची खात्री. सिडनीच्या सामन्यात न्यू साउथ वेल्सविरुद्ध इंग्रजांचा पंच, तोही व्हिक्टोरियाचा, म्हणजे प्रेक्षकांच्या दृष्टीने दुहेरी परका.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण या प्रकरणाविषयी जे लिहिले जाते त्यात दंग्याचे वर्णन भरपूर असते आणि ही जुळणी एका वाक्यात उरकली जाते. दंगा त्या जुळणीतून निघाला.

शुक्रवार ते सोमवार

न्यू साउथ वेल्सने इंग्रजांना जानेवारीत एकदा पाच गड्यांनी हरवले होते. दुसरा सामना शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, मूर पार्कच्या असोसिएशन ग्राउंडवर सुरू झाला. यजमानांच्या बाजूने पैजा जोरात लागल्या होत्या. पॅव्हिलियनमध्ये जुगाराला बंदी असल्याच्या पाट्या होत्या, आणि त्या पाट्यांखालीच बुकी भाव ओरडत होते. 

इंग्रजांनी आधी फलंदाजी केली. हॉर्नबी आणि ल्यूकस यांनी सव्वाशेची सलामी दिली, हॅरिसने ४१ केल्या, सगळे मिळून २६७. हॅरिस खेळत असताना यष्टीमागे झेल गेल्याचे अपील झाले आणि कूल्थार्डने नाबाद दिले. स्थानिक वृत्तपत्रांनी ती सरळ चूक ठरवली. म्हणजे ठिणगी पहिल्या दिवशीच पडली होती.

शनिवारी मैदानात दहा हजारांच्या आसपास लोक. न्यू साउथ वेल्सचा डाव १७७ वर आटोपला; त्यांत एकट्या बिली मर्डॉकच्या नाबाद ८२, आणि सिडनीचा तो लाडका. ९० धावांची पिछाडी. त्या काळच्या नियमाप्रमाणे ८० धावांनी मागे पडलेल्या संघाला फॉलोऑन घ्यावाच लागे, प्रतिपक्षाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. मर्डॉक पुन्हा सलामीला आला. धावसंख्या १९, त्याच्या १० झालेल्या, आणि कूल्थार्डने त्याला धावचीत दिले. निर्णय अगदी अटीतटीचा. मर्डॉक निमूट परत गेला.

त्याची जागा घ्यायला कोणी येईना. पॅव्हिलियनमधून 'परत जा', 'नाबाद' असा ओरडा सुरू झाला, आणि हॅरिसच्या म्हणण्याप्रमाणे तो सुरू केला पैज लावणाऱ्यांनी. हॅरिस फाटकाकडे गेला तर तिथे न्यू साउथ वेल्सचा कर्णधार डेव्ह ग्रेगरी उभा. ग्रेगरी म्हणजे १८७७ च्या पहिल्या कसोटीतला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, सरकारी हिशेब खात्यात कारकून. त्याचे म्हणणे एकच: पंच बदला. हॅरिसने नकार दिला. निर्णय बरोबर होता असे त्याच्या जवळ उभ्या क्षेत्ररक्षकांनीही सांगितले होते, आणि दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय सामन्याच्या मध्ये पंच बदलता येत नसे.

एवढ्यात कुंपण ओलांडून लोक आत आले. दोन हजारांच्या आसपास. कूल्थार्डला मारतील या भीतीने हॅरिस त्याच्याकडे धावला, तेव्हा कोणीतरी छडीने हॅरिसलाच मारले. हॉर्नबी अंगाने लहानखुरा, पण हाडाचा दांडगा. त्याने त्या माणसाची मानगूट धरली आणि गर्दीतून ओढत पॅव्हिलियनपर्यंत नेला, तोवर त्याच्या स्वतःच्या सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. युलिएट आणि एमेट यांनी यष्ट्या उपटून हातात घेतल्या आणि कर्णधाराच्या दोन बाजूंना उभे राहिले.

अर्ध्या तासाने मैदान रिकामे झाले. ग्रेगरी पुन्हा तेच म्हणाला, पंच बदला नाहीतर आम्ही खेळत नाही. हॅरिसने मग दुसऱ्या पंचाला विचारले, हे खेळायला आले नाहीत तर सामना आमचा धरायचा का? तो पंच होता एडमंड बार्टन, तीस वर्षांचा वकील. पुढे १९०१ मध्ये हाच ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. यजमानांच्याच बाजूचा हा पंच म्हणाला की फलंदाज दोन मिनिटांत आले नाहीत तर मी सामना तुम्हाला देईन. ग्रेगरीशी जाऊन बोललाही तोच. ग्रेगरीने माघार घेतली, फलंदाज आत आले, आणि एकही चेंडू पडायच्या आत गर्दी दुसऱ्यांदा मैदानात उतरली.

हॅरिस हलला नाही. आपण मैदान सोडले तर सामना गमावल्यात जमा होईल, हे त्याच्या डोक्यात पक्के होते. आपल्या माणसांना त्याने मैदानात थांबवून ठेवले आणि सहा वाजेपर्यंत, खेळ संपण्याच्या ठरल्या वेळेपर्यंत, तो त्या गर्दीच्या मध्यभागी उभा राहिला. पाच दिवसांपूर्वी त्याला अठ्ठावीस पूर्ण झाली होती.

रविवारी सुट्टी, आणि पाऊस. सोमवारी ओल्या खेळपट्टीवर न्यू साउथ वेल्सचा डाव ४९ मध्ये गुंडाळला गेला. इंग्रज एक डाव आणि ४१ धावांनी जिंकले. सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ठरलेला पुढचा मोठा सामना हॅरिसने रद्द केला आणि संघ मेलबर्नला निघून गेला.

काय बरोबर, काय चुकले

मैदानात उभे राहण्याचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो, आणि तो निव्वळ शौर्याचा नव्हता. संघ पॅव्हिलियनमध्ये पळाला असता तर कूल्थार्ड एकटा सापडला असता. इंग्रज निघून गेले म्हणून ग्रेगरीने सामना आपला म्हटला असता, आणि वादाचा विषयच बदलला असता. हॅरिसने वाद एकाच प्रश्नापाशी अडकवून ठेवला: फलंदाज येणार की नाही? आणि त्याचे उत्तर स्वतः न देता यजमानांच्या पंचाकडून वदवून घेतले. यात मुत्सद्दीपणा होता. नियमाच्या आत राहून एखादी जागा धरून ठेवायची असेल तर हॅरिससारखा माणूस मिळणे कठीण.

पंच न बदलण्याचा निर्णयही नियमाला धरून होता. हॅरिस नियम फक्त सोयीपुरता वापरणारा नव्हता, हे नंतर दिसले. १८८५ मध्ये लँकेशायरचे गोलंदाज चेंडू टाकत नाहीत, फेकतात, असे त्याचे मत झाले, तेव्हा त्याने केंटचा त्यांच्याशी परतीचा सामना सोडून दिला. नुकसान झाले ते स्वतःच्या परगण्याचे.

चूक आहे ती यापुढे. ११ फेब्रुवारीला हॅरिसने इंग्लंडातल्या एका मित्राला सविस्तर पत्र लिहिले, आणि ते १ एप्रिलला लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये छापून आले. पत्र वाचताना लक्षात येते की दोषी कोण हे त्याने आधीच ठरवले आहे. सट्टेवाले आहेत, गावगुंड आहेत, त्यांना सामील झालेला ग्रेगरी आहे. असला गोंधळ पुन्हा पाहायला मिळेल असे वाटत नाही, पण हा काही आम्ही विसरणार नाही, असा त्याचा सूर. घटनांचे वर्णन काटेकोर आहे. पण ज्या माणसाचा पगार मेलबर्नचा क्लब देतो, जो पाहुण्यांबरोबर फिरतो, ज्याने आदल्या दिवशी पाहुण्या कर्णधारालाच वादग्रस्त जीवदान दिले, त्याला दुसऱ्या दिवशी सिडनीच्या लाडक्या फलंदाजाचा निकाल लावायला उभे करणे ही आपली व्यवस्था गर्दीला कशी दिसत असेल, हा प्रश्न त्या पत्रात कुठेच उमटत नाही. कूल्थार्डने पैज लावल्याचा आरोपही सिडनीच्या एका वृत्तपत्राने केला. त्याने तो साफ नाकारला, आणि तो खरा मानायला काही आधार नाही. पण आरोप टिकाऊ नसला तरी तो सुचावा इतकी ती नेमणूक कच्ची होती. हॅरिसला वाटले, मी साहेब, मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, मग प्रश्न कुठे आला? मैदानाबाहेरच्या दहा हजारांनी हॅरिसवर विश्वास ठेवायचे काही कारण नव्हते. ते त्याची कुळे नव्हती.

वस्तुतः सिडनीच्या मोठ्या लोकांनी झाल्या प्रकाराची बाजू घेतली नव्हती. क्रिकेट असोसिएशनची मंडळी त्याच संध्याकाळी हॅरिसकडे दिलगिरी घेऊन गेली होती, शहरातल्या वृत्तपत्रांनीही दंगेखोरांना झोडपले होते. दोघांना न्यायालयात उभे करून चाळीस-चाळीस शिलिंग दंड झाला. पॅव्हिलियनमधून ज्यांना कायमचे हाकलले त्यांत व्हिक्टोरियातला एक बुकीही होता, म्हणजे गावगुंड सिडनीचेच हा समजही तितकासा खरा नव्हता. पण हॅरिसचे पत्र छापून परत सिडनीला पोहोचले आणि आधी शरमलेली माणसे चिडली. असोसिएशनने उत्तर धाडले की लॉर्डसाहेबांचे वर्णन चुकीचे आणि अनुदार आहे. दंगा एका संध्याकाळी मिटला होता. कटुता वाढवली ती पत्राने.

दुरुस्ती कोणी केली

१८८० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडात आला तेव्हा त्याला कोणी दारात उभे करेना. कर्णधार बिली मर्डॉक, तोच धावचीत झालेला. मोठ्या परगण्यांच्या तारखा भरलेल्या, जाहिराती देऊन सामने मागायची पाळी, आणि बरेचसे सामने उत्तरेतल्या गावोगावच्या अठरा-अठरा खेळाडूंच्या संघांशी. सरे क्लबचा सेक्रेटरी चार्ल्स अल्कॉक याने मग ओव्हलवर सप्टेंबरात सामना ठरवण्याचा घाट घातला, आणि पहिले काम केले ते हॅरिसकडे जाण्याचे. हॅरिस तयार झाला, एवढेच नव्हे तर संघाचे कर्णधारपद घेऊन त्याने खेळाडू गोळा केले. हॉर्नबी, युलिएट आणि एमेट मात्र आले नाहीत. सिडनीत कर्णधाराभोवती जे तिघे उभे राहिले होते, नेमके तेच.

इंग्लंडमधली ही पहिली कसोटी ६ ते ८ सप्टेंबरला झाली. पहिल्या दोन दिवसांत चाळीस हजारांवर लोक आले. ग्रेसने १५२ केल्या, हॅरिसने ५२, मर्डॉकने उलट नाबाद १५३, आणि इंग्लंड पाच गड्यांनी जिंकले. इथून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया क्रिकेट सुरळीत झाले. श्रेय हॅरिसला देतात, आणि राग गिळल्याबद्दल ते द्यायलाही हवे. पण वाट काढली ती अल्कॉकने, आणि अल्कॉक पगारी सेक्रेटरी होता. तारखा, पैसा, दुसऱ्या बाजूची अडचण हे पाहणे त्याचे काम होते. हौशी लॉर्डला सलोख्यापर्यंत आणायला कामाचे पैसे घेणारा माणूस लागला, हे त्या काळच्या हिशेबात कुठे बसत नव्हते.

हॅरिसने यानंतर १८८४ मध्ये आणखी दोन कसोटींत नेतृत्व केले: लॉर्ड्सला विजय, ओव्हलला अनिर्णित. चार कसोटी, १४५ धावा, सरासरी २९.

मुंबईत तेच डोळे

१८८५ पासून तो सरकारात होता. आधी हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री, मग युद्ध खात्याचा. एप्रिल १८९० मध्ये तो गव्हर्नर म्हणून मुंबईत उतरला, त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी पारशी संघाने जी. एफ. व्हर्ननच्या इंग्रज संघाला हरवून गाव डोक्यावर घेतले होते. खेळाडू गव्हर्नर आला म्हणून आशाही तेवढ्याच होत्या.

एस्प्लनेडच्या परेड ग्राउंडचा वाद तेव्हा दहा वर्षे जुना झाला होता. हिंदू आणि पारशी पोरे तिथे क्रिकेट खेळत. बॉम्बे जिमखान्याचे गोरे सभासद तिथेच पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची वाट लागे. १८८१ पासून अर्ज जात होते, एकदा पोलो बंद झाला, पुन्हा सुरू झाला. १८९० मध्ये हजाराहून अधिक सह्यांचा अर्ज हॅरिसपुढे आला. त्याने तो फेटाळला.

इथे सिडनी आठवल्याशिवाय राहत नाही, फक्त बाजू उलटली होती. या वेळी नियम पाळणारे, अर्जावर सह्या करणारे, निमूट वाट पाहणारे होते ते देशी खेळाडू. आणि घोड्यावरून दुसऱ्याचे मैदान तुडवणारे होते साहेब. नियमनिष्ठ हॅरिसला ही बाजू ओळखू यायला हवी होती. ती आली नाही.

त्याने काढलेला तोडगा वेगळाच. पारशांना १८८७ मध्ये, लॉर्ड रे गव्हर्नर असताना, केनेडी सी फेसच्या भरावाची जागा मिळाली होती. १८९२ मध्ये मुसलमानांच्या जिमखान्याचा अर्ज आला तेव्हा हॅरिसने जागा दिली, पण सरकारी टिपणात लिहून ठेवले की यांना नाही म्हणता येत नाही. मात्र प्रत्येक समाजाचा प्रतिष्ठित माणसांच्या हातातला एकेक जिमखाना झाला की यापुढे कोणाला जागा नाही, ज्याने त्याने आपापल्या समाजाच्या क्लबात जावे. १८९४ मध्ये हिंदू जिमखान्याची जागा आली. मरीन लाइन्सला रेल्वेतून आजही दिसणारी जिमखान्यांची ती रांग अशी घडली. पोलोचा वाद सुटला नाही, त्याला फक्त वळसा घातला गेला. समाजागणिक एक पलटण, प्रत्येकीचा एक प्रतिष्ठित म्होरक्या, आणि सगळ्यांच्या वर साहेब: योमनरी चालवणाऱ्याला ही मांडणी सहज सुचावी यात नवल नाही. पुढे समाजवार संघांचे चौरंगी आणि पंचरंगी सामने याच रचनेवर उभे राहिले आणि १९४६ पर्यंत चालले. बाळू पळवणकरसारख्या चांभार समाजातल्या अव्वल गोलंदाजाला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मिळाले नाही, तो त्या प्रतिष्ठित माणसांच्या हातातल्या जिमखान्याचाच प्रताप.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. जामा मशिदीच्या आसपास सुरू होऊन तो गिरणगावापर्यंत पसरला, लष्कर बोलवावे लागले, ऐंशीच्या आसपास माणसे मेली. गव्हर्नर पावसाळ्याच्या मुक्कामाला पुण्याजवळ गणेशखिंडीच्या बंगल्यावर होता, आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे. तो मुंबईला आला नवव्या दिवशी, आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी, अशी देशी वृत्तपत्रांनी झोड उठवली. टीका रास्तच होती. सिडनीत छडीचा मार खाऊन तासाहून अधिक वेळ गर्दीत उभा राहणारा माणूस भित्रा नव्हता. पण तिथे त्याचा सामना होता, त्याची माणसे होती, नियमांचे पुस्तक होते. पायधुणी-भुलेश्वरच्या गल्ल्यांत यांतले काहीच नव्हते. तिथले भांडण त्याला त्या लोकांच्या स्वभावाचा भाग वाटले. आणि स्वभावाच्या दोषाला गव्हर्नर काय करणार? हिंदुस्थानी खेळाडू उतावळे, धीर कमी, असे तो पुढे आठवणींतही लिहीत राहिला. सट्ट्यामुळे पिसाळलेली सिडनीची गर्दी आणि धार्मिक तणावात पेटलेली मुंबईची, दोन्हींबद्दल त्याचे निदान शेवटी एकाच जागी येते.

पुढची तीस वर्षे

डिसेंबर १८९९ मध्ये बोअर युद्धात एका आठवड्यात तीन पराभव झाले आणि इंग्लंडने स्वयंसेवक घोडेस्वारांची इम्पीरियल योमनरी उभी केली. हॅरिस १९०० मध्ये तिचा सहायक अ‍ॅडज्युटंट जनरल म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेला आणि १९०१ पर्यंत तिथे राहिला. काम मोर्चावरचे नव्हते. माणसे, घोडे, कागद. जहागीरदाराच्या मागे कुळे निघतात या जुन्या कल्पनेची परीक्षा तिथे फार कडक झाली. मे १९०० च्या अखेरीस लिंडलीला योमनरीची एक अख्खी बटालियन बोअरांच्या हाती लागली, आणि तिच्यात सरदार-जमीनदारांची पोरे कमी नव्हती.

परत आल्यावर त्याचे राज्य लॉर्ड्सवर. एमसीसीचा, म्हणजे तिथल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचा, विश्वस्त, मग १९१६ पासून मरेपर्यंत खजिनदार. १९२२ मध्ये वॉल्टर हॅमंड नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा ग्लॉस्टरशायरकडून खेळतो, पण जन्मला डोव्हरला म्हणजे केंटमध्ये, हे हॅरिसच्या ध्यानात आले, आणि रहिवासाची अट पुरी होईपर्यंत त्याला परगण्याच्या सामन्यांतून बाहेर बसावे लागले. नियमाचा आग्रह तोच होता. फक्त १८८५ मध्ये त्याची किंमत केंटने मोजली होती, या वेळी ती एका पगारी खेळाडूने मोजली.

१९२६ मध्ये लंडनला इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्सच्या (आजच्या आयसीसीचे मूळ रूप) बैठका हॅरिसच्या अध्यक्षतेखाली झाल्या. त्यांत वेस्ट इंडीज, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान यांना सामावून घेण्याचे ठरले. ज्यांना धीर नाही असे तो म्हणत आला, त्यांना कसोटीच्या दारापर्यंत आणणाऱ्या बैठकीचा अध्यक्षही तोच. २४ मार्च १९३२ रोजी तो बेलमाँटला वारला. त्याच वर्षी २५ जूनला सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान पहिली कसोटी खेळायला लॉर्ड्सवर उतरला, आणि मोहम्मद निसारने सुरुवातीलाच इंग्लंडच्या दोन्ही सलामीच्या फलंदाजांचा त्रिफळा उडवला.